खैरनारकाकांची रस पुरवठा योजना

खैरनारकाका तीन महिन्यांसाठी आले आणि आठ महिने राहिले. त्यात त्यांचा दोष नव्हता; कोरोनामुळे विमानं बंद होती. बाकी जे काही झालं त्यात बराचसा दोष त्यांचा होता आणि उरलेला आमचा.

आम्ही डीमन नावाच्या डच गावात राहतो. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही, जिना असा उभा की पहिल्यांदा येणारा पाहुणा वर पोचल्यावर आधी पाणी मागतो आणि मग नमस्कार करतो. तळमजल्यावर ट्रूसबाई, पहिल्यावर मी आणि माझा नवरा संजय, दुसऱ्यावरचं घर त्या वर्षी रिकामं, आणि तिसऱ्यावर निलेश खैरनार, त्याची बायको प्राजक्ता आणि नऊ वर्षांची रेवा. सगळ्यांची स्वयंपाकघरं एकाखाली एक, आणि सगळ्यांच्या मोऱ्या एकाच नळीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काका म्हणजे निलेशचे वडील. नाशिक जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात बत्तीस वर्षं काढून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. फेब्रुवारीत आले तेव्हा त्यांच्याकडे परतीचं तिकीट होतं आणि ट्यूलिपच्या बागा बघायचा कार्यक्रम होता. मार्चमध्ये दोन्ही रद्द झालं.

उंच, वाळके, सरळ उभे राहणारे. बुशशर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. डोक्यावर मे महिन्यातसुद्धा माकडटोपी, कारण इथला मे महिना त्यांना मान्य नव्हता. काखेत कायम एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. तिला ते लॉगबुक म्हणत. त्यात काय लिहितात असं मी एकदा विचारलं.

"नोंदी," ते म्हणाले.

"कसल्या?"

"ते लिहिल्यावर कळतं."

निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी खातं त्यांच्यातून गेलं नव्हतं. माणसांबद्दलसुद्धा ते पाण्याच्याच भाषेत बोलत. प्राजक्ता "पूर्ण दाबाची" होती. रेवा "थेट कनेक्शन, मध्ये टाकी नाही." माझ्या नवऱ्याबद्दल त्यांनी दोनच दिवसांत मत बनवलं: "तुमचे मिस्टर म्हणजे लाइनीचं शेवटचं घर. सांगितलेलं तिथपर्यंत पोचतच नाही." मी एकवीस वर्षं ज्याला शब्द शोधत होते तो त्यांनी जिन्यात उभ्याउभ्या दिला.

त्यांचा एक किस्सा ठरलेला होता. त्यांच्या गावातल्या एका वसाहतीतून आठ दिवस पाण्याची एकही तक्रार आली नाही. साहेब खूश, सगळं खातं खूश. काका एकटेच सायकल घेऊन बघायला गेले. व्हॉल्व बंद होता. लोक कंटाळून केव्हाच विहिरीवर जायला लागले होते.

"पाणी आलं की माणूस गप्प बसतो का? छे! उशिरा आलं, गढूळ आलं, करंगळीएवढं आलं, काहीतरी बोलतोच. तक्रार आली की मी निवांत झोपायचो. म्हटलं, चला, पोचलं."

हा किस्सा मी पाच-सहा वेळा ऐकला. त्यातून शिकायला पाहिजे होतं ते मात्र शिकले नाही.

एप्रिलमध्ये निलेशच्या हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या आमच्या घरच्या डॉक्टरनं, त्याला फोनवर सांगितलं की रक्तदाब वाढलाय, वजनही वाढलंय. चार महिने खाण्याकडे बघा, हालचाल करा, फरक पडला नाही तर गोळ्या सुरू करू. निलेश तेव्हा बेचाळीसचा. सकाळी पलंगावरून उठायचा, चार पावलं चालून लॅपटॉपसमोर बसायचा, आणि संध्याकाळी तीच चार पावलं परत. त्यानं ही बातमी जेवताना सहज सांगितली. काकांनी घास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी लॉगबुकात नवीन पान उघडलं गेलं. वर लाल पेनानं मथळा: रस पुरवठा योजना. खाली: उद्दिष्ट, चि. निलेशचा रक्तदाब. मुदत, चार महिने.

मला वाटतं, काकू गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी काम दिलं होतं. खरं तर दिलं नव्हतं, त्यांनी घेतलं होतं. पण सरकारी नोकरीत हा फरक कोणी पाहत नाही.

सकाळी साडेसहाला मिक्सर सुरू व्हायचा. प्राजक्तानं पुण्याहून आणलेला मिक्सर. त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून निघून, दुसरा रिकामा मजला ओलांडून, माझ्या उशीत शिरायचा. गाजर, बीट, काकडी, पालक, बूरेनकोल नावाची इथली कुरळ्या पानांची खरखरीत कोबी, सुरिनामी भारतीयांच्या दुकानातलं कारलं, आणि आलं. आलं सढळ हातानं. गाळणं काकांना मंजूर नव्हतं. "चोथा काढला तर उरलं काय? रंगीत पाणी. ते आम्ही पावसाळ्यात फुकट द्यायचो." त्यामुळे रस प्यायचा की चावायचा हे ज्यानं त्यानं ठरवायचं. फारच जाड झाला तर थोडा चोथा बाजूला काढत, तो प्राजक्ताच्या ताब्यात. तिनं त्याचं थालीपीठ केलं, पराठे केले, कटलेट केले. तिसऱ्या आठवड्यात केक केला. त्यानंतर ती चोथ्याबद्दल बोलेनाशी झाली.

योजना एका घरापुरती ठेवणं काकांच्या स्वभावात नव्हतं. आठवड्याभरात सबंध जिना तिच्यात आला. ॲपलमूसच्या, म्हणजे सफरचंदाच्या मुरंब्यासारखं काहीतरी असतं त्याच्या, रिकाम्या बरण्या धुऊन, त्यावर चिकटपट्टी लावून लाल पेनानं लिहिलेलं: झोन एक, निलेश. झोन दोन, प्राजक्ता. झोन तीन, पहिला मजला, म्हणजे आम्ही. झोन चार, तळमजला. रेवानं पहिल्याच दिवशी बरणीत डोकावून "बाऽ!" केलं होतं. डच मुलं घाण वाटलं की असंच म्हणतात. तिला लहान म्हणून वगळण्यात आलं.

सात वाजून दहा मिनिटांनी काका सुतळीनं बरणी आमच्या दाराच्या कडीला अडकवत, घंटी वाजवत आणि पाच पायऱ्या वर जाऊन उभे राहत. दीड मीटरचा नियम होता. मी दार उघडायची.

"सुप्रभात, मेघाताई. आज बीट प्रधान आहे."

"वा, काका! थँक यू हं."

"कालचा कसा वाटला?"

"छान! एकदम ताजं वाटलं."

कालचा मी दोन घोट घेतला होता. पहिला घोट घेतल्यावर असं वाटलं की मी पावसात पडले आहे, तोंडावर, शेतात. दुसरा घोट, पहिला खरंच तसा होता का हे तपासायला घेतला.

"सांग ना त्यांना," संजय म्हणाला.

"तू सांग."

"मी काय सांगू? तुला आणून देतात."

"बरणीवर पहिला मजला लिहिलंय. तू कुठल्या मजल्यावर राहतोस?"

संजय लाइनीचं शेवटचं घर. विषय तिथेच संपला.

आता कोणी म्हणेल, मी पन्नाशीची बाई, ऑफिसात डच लोकांना तोंडावर नाही म्हणते, मग एका म्हाताऱ्या माणसाला "काका, हे मला जात नाही" म्हणायला काय झालं? काय झालं ते मला माहीत आहे. सत्तरीला आलेला माणूस पहाटे उठून गाजरं किसतो, दोन जिने उतरतो आणि पाच पायऱ्या वर उभा राहून तुमच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही "छान" म्हणता. एकदा छान म्हटलं की दुसऱ्या दिवशी वाईट म्हणता येत नाही, कारण मग काल का छान म्हटलं ते सांगावं लागतं. पहिले काही दिवस मी तो रस बाल्कनीतल्या तुळशीला घातला. तुळस गेली. मग मी मोरीचा रस्ता धरला. नळ सोडायचा, बरणी उलटी करायची, धुऊन कडीला परत अडकवायची. काका रिकामी बरणी उचलत आणि वहीत बरोबरची खूण करत.

वर काय चाललंय हे मला माहीत नव्हतं. वरच्यांना माझं माहीत नव्हतं.

ट्रूसबाई मात्र वेगळ्या. वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर मुलांना पोहायला शिकवलेलं. त्यामुळे आवाज असा की बंद खिडकीतूनही पाण्यातल्या माणसाला ऐकू जावा. पहिल्या दिवशी काकांनी बरणी दिली तेव्हा त्यांनी तिथेच, दारात, झाकण उघडून घोट घेतला आणि इंग्रजीत सांगितलं, "मिस्टर, आलं फार आहे. बागेची चव येते. नको, धन्यवाद." आणि बरणी परत.

काका वर आले ते लाल होऊन. "काय ही पद्धत? घरी आलेल्या वस्तूला कोणी असं बोलतं?"

"इथे तसंच बोलतात, काका."

"बोलू देत. मी पुरवठा तोडणार नाही. ग्राहक कितीही उद्धट असला तरी पाणी तोडता येत नाही, नियम आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आलं कमी करून बरणी नेली. ट्रूसबाईंनी घोट घेतला. "बरं आहे. पण कडू. नको." तिसऱ्या दिवशी कारलं वगळलं. "आता वाळू लागते दाताखाली. भाजी नीट धुता का?" काका रोज सकाळी जिना चढताना माझ्या दाराशी थांबून गाऱ्हाणं सांगत. "आज म्हणे कोमट आहे! उद्या म्हणतील बर्फ घाला, छत्री लावा!" झोन चारच्या पानावर लाल शाईच्या ओळी वाढत गेल्या. झोन एक, दोन, तीनमध्ये नुसत्या बरोबरच्या खुणा. "तुमचा झोन आदर्श आहे, मेघाताई," ते मला म्हणाले. मी मान डोलावली. तेव्हा तरी तो विहिरीचा किस्सा आठवायला हवा होता.

योजनेला लागणारी गाजरं ही एक वेगळी कथा आहे. सुपरमार्केटातली गाजरं काकांना पुरेनात. कोणीतरी सांगितलं की शहराबाहेर कालव्याच्या कडेनं गेलं की एक शेतकरी दहा-दहा किलोची पोती दारात ठेवतो. झालं. दर तीन दिवसांनी ऑफिस संपलं की निलेश सायकलवर, मागे दोन्ही बाजूंना पिशव्या, जाऊन येऊन चौदा किलोमीटर. इथे चढ नाही, पण वारा आहे, आणि तो जाताना समोरून असतो आणि येतानाही समोरूनच असतो. मग ती पोती तीन जिने वर. "बाबांना नाही कसं म्हणायचं," निलेश माझ्या दाराशी धापा टाकत म्हणायचा. "माझ्यासाठीच करतायत ना ते."

पोत्यावर एका घोड्याचं चित्र होतं. खाली डचमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं: घोड्यांसाठी.

निलेशला डच येत नव्हतं. मला येतं. मी ते वाचलं. घोड्यांची गाजरं म्हणजे तीच गाजरं, फक्त वाकडी आणि मातीसकट, एवढंच. मी गप्प बसले. पण एकदा पोतं जिन्यात टेकलेलं असताना ट्रूसबाई बाहेर आल्या आणि त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

"मिस्टर, हे घोड्यांचं आहे."

"नाही, नाही," काका त्यांच्या सरकारी इंग्रजीत शांतपणे म्हणाले, "ते फक्त चित्र आहे." मग मराठीत माझ्याकडे वळून, "आपल्याकडे काडेपेटीवर वाघ असतो. आत वाघ असतो का? ताकदीचं चिन्ह आहे ते."

"मिस्टर, लिहिलेलं आहे."

"जाहिरात, मॅडम. जाहिरात."

त्यानंतर ट्रूसबाई मला भेटल्या की हळूच घोड्यासारखं फुरफुरत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

जुलैच्या एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला तळमजल्यावरून पोहण्याच्या तलावाचा आवाज आला. "मिस्टर! तुमचं सूप माझ्या सिंकमध्ये आलंय!"

मी धावत खाली गेले. ट्रूसबाईंच्या सिंकमध्ये लालभडक पाणी काठापर्यंत चढलं होतं आणि मधोमध शांतपणे बुडबुडे येत होते. रक्तपाताचा सिनेमा असावा तसं दृश्य, आणि त्यात गाजराचे तुकडे. त्यांनी इमारतीच्या कंपनीला फोन लावला होता. महामारीमुळे माणूस परवा येईल असं उत्तर मिळालं होतं.

काका तोंडाला मास्क लावून आले. सिंककडे बघितलं, आणि त्या क्षणी त्यांचं वय वीस वर्षांनी उतरलं. माकडटोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. आठ महिन्यांत त्यांचं डोकं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

"सगळ्यांनी नळ बंद. वर सांगा. मॅडम, बादली. आणि ती पडद्याची तार."

"माझ्या पडद्याची?"

"परत मिळेल."

सिंकखाली वाकून त्यांनी नळीचं झाकण फिरवलं, तार आत घातली, तीनदा फिरवली आणि ओढली. जे बाहेर आलं त्याचं वर्णन मी जेवणाऱ्या लोकांसमोर करत नाही. लालसर, तंतूतंतूचं, मांजराएवढं. पाणी गुडगुड करत गेलं. ट्रूसबाईंनी टाळ्या वाजवल्या.

काका टाळ्यांकडे लक्ष देत नव्हते. ते बादलीत बघत होते. त्यांनी एक तंतू चिमटीत धरला, उजेडात नेला, वास घेतला. बत्तीस वर्षं गळत्या शोधलेला माणूस. मी तिथून सटकले. टोपी दाराच्या कडीला अडकवून.

काही बोलतील म्हणून मी दिवसभर वाट पाहिली. बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सात दहाला नेहमीसारखी घंटी वाजली. "सुप्रभात, मेघाताई. आज तुमचा हिरवा आहे. फक्त पालक." मला हायसं वाटलं. म्हटलं, समजलं नाही त्यांना. दार लावलं, नळ सोडला आणि बरणी उलटी केली.

त्यानंतरचं मला ट्रूसबाईंकडून कळलं. काका माझ्या दारातून सरळ खाली गेले होते. सिंकखालचं झाकण आदल्या दिवसापासून काढता येईल असं सैल ठेवलेलं. खाली पांढरी बादली. काका स्टुलावर बसले, हातात घड्याळ, मांडीवर वही. ट्रूसबाई दीड मीटरवर, मागच्या दारात कॉफी घेऊन. पाण्याच्या खात्यात गळती शोधताना लाइनीत रंग सोडतात आणि तो कुठे निघतो ते बघतात. काकांनी तीन झोनला तीन रंग सोडले होते. मला हिरवा, प्राजक्ताला नारिंगी, निलेशला लाल.

"तुझा हिरवा पहिला आला," ट्रूसबाईंनी मला शर्यतीचा निकाल सांगावा तसं सांगितलं. "फार लवकर. चार मिनिटं. मिस्टरांनी लिहून घेतलं. मग नारिंगी. तेही लिहिलं. मग बराच वेळ काही नाही. ते म्हणाले, बघा मॅडम, माझा मुलगा पितो. मी त्यांना कॉफी देत होते, तेवढ्यात लाल आला."

"मग?"

"लाल लिहिला नाही. पेनाला टोपण लावलं."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मिक्सर वाजला नाही. दाराच्या कडीला बरणीऐवजी एक कागद, निळ्या शाईत, सहीशिक्क्याशिवाय पण थाटात: तांत्रिक कारणास्तव रस पुरवठा पुढील सूचनेपर्यंत बंद राहील. ग्राहकांनी नोंद घ्यावी व सहकार्य करावे.

संजयनं तो वाचला आणि सुटकेचा श्वास सोडला. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा परत आत घेतला.

वर कोणी भांडलं नाही. काका निलेशशी हवापाण्यावर बोलत, जेवत, आणि दिवसभर खिडकीत बसत. माझा इतक्या दिवसांचा साडेसहाचा गजर मोडला होता, तरी मला साडेसहालाच जाग यायची. पाचव्या दिवशी मी वर गेले आणि दाराबाहेर, पाच पायऱ्या खाली उभी राहिले.

"काका, चुकलं."

"बत्तीस वर्षं पाणी चोरणारे पकडले, मेघाताई," ते म्हणाले. "रात्री मोटार लावणारे, मीटर उलटं फिरवणारे. पण घरात आलेलं पाणी नळ सोडून मोरीत ओतणारे पहिल्यांदा बघितले. वर बरोबरची खूण माझ्याकडूनच करून घ्यायचे."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"मग आता बरं वाटतंय का मला?"

मी आणखी एक पायरी खाली उतरले. "एका माणसानं तरी प्यावा एवढंच होतं माझं," ते म्हणाले. "तुमचं सोडा. तुम्ही शेजारी. पण निल्यासाठी केलं होतं सगळं." आणि दार लावून घेतलं. हळू लावलं, त्याचंच जास्त लागलं.

ऑगस्टमध्ये चार महिने भरले. निलेश डॉक्टरकडे जाऊन आला तेव्हा आम्ही सगळे खाली बाकाजवळ उभे होतो, म्हणजे ट्रूसबाईंच्या खिडकीसमोर. तो चेहरा पाडून आला. मला वाटलं, गोळ्या लागल्या.

"दाब उतरलाय," तो म्हणाला. "सात किलो वजनही. डॉक्टर म्हणाल्या, काय करताय ते चालू ठेवा."

"काय करतोयस?" काकांनी विचारलं. "रस तर गटारात गेला."

निलेशनं खाली मान घातली. बेचाळीस वर्षांचा माणूस, शाळेतल्यासारखा. "पहिले चार दिवस प्यायलो, बाबा. आईशप्पथ. मग नाही जमलं."

"मग उतरला कशानं?"

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. काय विषय आहे ते मी ट्रूसबाईंना डचमध्ये सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की त्यांना खिडकीची चौकट धरावी लागली.

"मी रोज इथून बघते! आधी हा पोत्यासारखा घरात पडलेला असायचा. मग हा पोती वाहायला लागला. सायकलवर, वाऱ्यात, आणि मग तीन जिने! मिस्टर, तुमच्या गाजरांनी त्याला बरं केलंय. फक्त खाण्यासाठी नव्हती ती." मग बोट उंच करून, "घोडा! मी सांगितलं होतं, ती घोड्यासाठी आहेत!"

काकांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं. निलेशकडे जरा जास्त. मग त्यांनी काखेतली वही काढली, ते लाल मथळ्याचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचत लिहिलं: "उद्दिष्ट साध्य. वाहतूक विभागामुळे." त्यांच्या मिशीच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. निलेश हसला, आणि मग कोणालाच आवरेना.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मिक्सर वाजला. नियम बदलले होते. मागितल्याशिवाय कोणाला बरणी नाही. जिन्याच्या कठड्याला सुतळीनं एक वही टांगलेली, वर लिहिलेलं: तक्रार वही. आणि निलेशची चौदा किलोमीटर मात्र सक्तीची, पोतं लागो न लागो. योजनेत एकच ग्राहक उरला, झोन चार. ट्रूसबाई अर्धा पेला मागत, सफरचंद घालून, गाळून, आल्याचा नुसता वास. त्यांनी वहीची पानंच्या पानं भरली. काका ती संध्याकाळी भिंग लावून वाचत आणि मला अर्थ विचारत.

"हा शब्द काय?"

"पाणचट."

"वा!" ते म्हणत, आणि खूश होऊन वर जात.

मी बरणी मागितली नाही. खोटं पिण्यापेक्षा न मागणं बरं, एवढं शिकले होते.

ऑक्टोबरमध्ये त्यांना तिकीट मिळालं. निघायच्या सकाळी निलेश सामान गाडीत भरत होता. काका माकडटोपी, मास्क, खिशात दोन पेनं, अशा थाटात फुटपाथवर उभे. ट्रूसबाई खिडकीत. निरोपाचं बोलणं मला जमत नाही, त्यामुळे मी पासपोर्ट घेतला का, औषधं हातातल्या पिशवीत आहेत का, असलं विचारत होते. काकांनी पिशवीतून एक बरणी काढली. चिकटपट्टीवर लाल अक्षरं: झोन तीन.

"मागितला नव्हता, माहीत आहे," ते म्हणाले. "एकदाच. पण इथे, माझ्यासमोर."

त्यांनी ती बाकावर ठेवली आणि पाच पावलं मागे गेले. मी झाकण उघडलं. जुना रस होता, पहिल्या आठवड्यातला. बीट, कारलं, बूरेनकोल, सढळ आलं, न गाळलेला. मी प्यायले. चावला. सगळा. थांबले असते तर पुढे गेला नसता.

"कसा आहे?"

तोंडात "छान" आलं होतं. सवय. मी ते गिळलं.

"आलं फार आहे, काका. बीट कच्चं लागतंय. वाळू आहे. कोमट आहे. आणि खरं सांगू का, पहिल्या दिवसापासून हा रस भयंकर आहे."

मी काय म्हणाले ते ट्रूसबाई खिडकीतून विचारत होत्या. काकांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. लाल पेन काढलं, गाडीच्या टपावर वही टेकवून झोन तीनचं पान उघडलं आणि माझा एकेक शब्द नीट उतरवून घेतला. "वाळू" खाली रेघ मारली. मग पेनाला टोपण लावलं.

"पोचला," ते निलेशला म्हणाले, आणि गाडीत बसले.